खाण बंद पडली तेव्हा माणसं का हलली नाहीत? (आणि आता भाच्याने टिपर घ्यावा का?)

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. घरात आठवडाभर एकच वाद चाललाय, म्हणून इथे विचारतो.

ताईचा मुलगा, वय २६, आयटीआय झालेला, गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर फिटर. डिचोलीची लोहखनिजाची खाण २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली आणि तेव्हापासून याच्या डोक्यात टिपर (खनिज वाहणारा ट्रक) बसलाय. एक जुनी गाडी बघून ठेवलीय, पतसंस्था कर्ज द्यायला तयार आहे, नोकरी सोडतो म्हणतोय. भावोजी गप्प आहेत. त्यांच्या स्वतःच्या दोन गाड्या होत्या.

१० सप्टेंबर २०१२ मला आजही लख्ख आठवतो. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत येऊन तीन दिवस झाले होते आणि राज्य सरकारने खाणी थांबवल्या. चवथ (गणेश चतुर्थी) नऊ दिवसांवर. ही वेळ किती वाईट होती ते बाहेरच्याला पटकन कळणार नाही. पावसात खाणी तशाही थंड असतात. त्या तीन-चार महिन्यांत गाडीवाला गाडी खोलतो, इंजिनाचं काम काढतो, टायर घालतो आणि पाऊस सरल्यावरच्या ट्रिपांवर सगळं फेडतो. भावोजींनी त्या ऑगस्टमध्ये दोन गाड्यांना मिळून दहा नवे टायर घातले होते, उधारीवर. ऑक्टोबरमध्ये ट्रिपांऐवजी सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. पुढच्या पावसात एका गाडीच्या हौद्यावर भोपळ्याचा वेल चढला. ताईने ते भोपळे शेजारीपाजारी वाटले, घरात एकही शिजवला नाही.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. साखळीहून वेर्णे पन्नासेक किलोमीटर. तिथे कारखान्यांना माणसं हवी होती, आणि आमच्या गावातली धडधाकट माणसं वर्षानुवर्षं ओसरीवर बसून होती. का? आळस म्हणू नका, हीच माणसं पहाटे चारला गाडी घेऊन रांगेत लागायची. याचं उत्तर मिळालं तर भाच्याला काय सांगायचं तेही कळेल असं वाटतं.

तांडेल_७

गाडी निदान दारात उभी राहते, काही मागत नाही. बार्ज (नदीतून खनिज वाहणारी बोट) उभी राहिली तरी खाते. पाणी उपसावं लागतं, राखणीला माणूस लागतो, गंज काढावा लागतो. मी १९९६ पासून मांडवी नदीत. वर जेटीवर भरायचं, भरतीचं गणित धरून खाली यायचं, मुरगाव बंदरात रिकामं करायचं. काम घड्याळावर नव्हे, पाण्यावर. आमच्या मालकाने दोन वर्षं वाट बघितली आणि बार्ज भंगारात दिली. कापायला सुरुवात झाली त्या दिवशी मी गेलो नाही.

तुम्ही विचारता का हलले नाहीत. मी हललो. मुंबईला दीड वर्ष काढलं. पण माझं सर्टिफिकेट नदीचं. समुद्रातल्या जहाजावर ते चालत नाही, तिथे वेगळे कोर्स, वेगळी कागदपत्रं. सोळा वर्षं मुरलेला तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) तिथे नवशिक्या खलाशी झाला. मांडवीत कुठल्या वळणावर वाळूचा पट्टा सरकलाय हे मला डोळे मिटून सांगता यायचं, आणि त्याला मुंबईत गिऱ्हाईक नव्हतं.

दोडामार्गी

स्पष्ट लिहितो, राग नसावा. आम्ही हललो की! दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची पोरं रोज हद्द ओलांडून येतात. मी सात वर्षं पहाटे साडेपाचला दुचाकी काढून औषधांच्या कारखान्यात आठची पाळी धरली. पावसात रेनकोटच्या आत प्लास्टिक गुंडाळून. तुमच्या माणसांनी ज्या जागा नको म्हटल्या, त्यांवर आमची घरं उभी राहिली.

मांडवीपार

दोडामार्गी, +१. गोव्यात प्रत्येकाला सरकारी नोकरीच हवी. ती मिळेपर्यंत घरी बसायची तयारी असते.

कुळागरातली

मांडवीपार, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि दर वेळी बोलणाऱ्याला हिशेब मांडून दाखवावासा वाटतो. आज मांडतेच.

माझे बाबा २०१२ मध्ये ४६ वर्षांचे. एक टिपर, त्याचे ३१ हप्ते बाकी. ते कारखान्याच्या गेटवर गेले होते, दोनदा. पहिल्या ठिकाणी वयाची अट. दुसऱ्या ठिकाणी ठेकेदाराने हेल्परचं काम देऊ केलं. त्याचा महिन्याचा पगार गाडीच्या हप्त्याच्या निम्मा. साखळी ते पणजी एक बस, पणजीहून पुढे दुसरी, आणि रात्रपाळी सुटली की परतीला एकही नाही. म्हणजे तिथेच खोली घ्यायची. खोलीचं भाडं दिल्यावर घरी काय पाठवणार? आणि गाडी विकावी तर गावातला प्रत्येक जण त्याच आठवड्यात गाडी विकायला निघालेला. घेणारा कोण?

दोडामार्गी, तुमच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण तुम्ही निघालात तेव्हा २२-२३ वर्षांचे असाल आणि डोक्यावर कर्ज नसेल. माणूस तोच असता तर तुलना झाली असती.

आमचं घर त्या वर्षांत कशावर चाललं तेही सांगते. २०१२ मध्येच गृह आधार योजना सुरू झाली होती, गृहिणीला महिना हजार रुपये. आईच्या त्या हजारात सिलिंडर आणि माझं बसभाडं. बाकी परसातल्या शंभरेक माडांच्या सुपाऱ्यांनी तारलं.

दोडामार्गी

कुळागरातली ताई, २३ वर्षांचाच होतो आणि कर्ज नव्हतं. मानलं. (सुपारीला माड नव्हे, पोफळ. कोकणातला माणूस म्हणून एवढं राहवत नाही.)

कुळागरातली

अगदी! रागात लिहिलं, पोफळींना माड केलं. आई वाचेल तर कान धरेल.

अर्थमास्तर

उच्च माध्यमिकला अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून हा धागा दोनदा वाचला.

वाळवंटीकाठ, तुमचा प्रश्न जगभर विचारला गेलाय. पुस्तकात असं असतं की एका भागात काम आटलं की माणसं दुसऱ्या भागात जातात आणि काही काळात सगळं सावरतं. २०१३ मध्ये डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या तिघांनी अमेरिकेतले असे भाग तपासले, जिथले कारखाने स्वस्त चिनी मालापुढे बसले. पुस्तकाप्रमाणे घडलं नव्हतं. त्या भागांतली बेकारी वाढली, पगार घसरले, पण माणसं फारशी हलली नाहीत. बरीच जणं काम शोधणंच सोडून बसली आणि सरकारी मदत घेणारे वाढले. कुळागरातली यांनी जे हप्ते, वय, खोलीभाडं मांडलं, तसलीच कारणं तिथेही असणार. भर घाला की एका गावात एकच धंदा असला की तो पडल्यावर घर, जमीन, गाडी सगळ्यांचीच किंमत एकदम उतरते, आणि निघून जायला लागणारं भांडवलही त्यातच बुडतं.

आपल्याकडे चीन उलट्या बाजूने आला. आपलं खनिज कमी प्रतीचं, लोखंडाचा अंश कमी. एरवी त्याला फार मागणी नसायची. चीनच्या पोलाद कारखान्यांनी ते उचलायला घेतलं आणि २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त माल बाहेर गेला. पंधरा लाखांच्या आतल्या वस्तीच्या राज्यातून! ती तेजी कायमची धरून लोकांनी गाड्या घेतल्या.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी उठवली, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून. पण प्रत्यक्ष माल निघेपर्यंत २०१५ संपत आलं. २०११ च्या सुरुवातीला चांगल्या प्रतीच्या खनिजाला टनामागे १८० डॉलरच्या वर भाव होता, २०१५ च्या अखेरीस तो चाळीसच्या आसपास. आपल्या मालाला त्याहून कमी. म्हणजे न्यायालयाचं दार उघडलं तेव्हा बाजाराचं दार लागलेलं होतं. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं थंड.

तांडेल_७

मास्तर, २०१५ चं बरोबर सांगितलंत. तेव्हा मी मुंबई सोडून परत आलो होतो, सुरू झालं म्हणून. आठवड्याला दोन फेऱ्या मिळाल्या तर नशीब.

शिरगावकडचा

सगळे खाण बंद झाल्यावर गेलेल्या कामाबद्दल लिहिताहेत. खाण चालू असताना गेलेल्या कामाबद्दल मी लिहितो.

आमची शेतं खाणीच्या खालच्या अंगाला. आजोबा दोन पिकं घ्यायचे, पावसात सरद आणि हिवाळ्यात वायंगण. वायंगण झऱ्याच्या पाण्यावर व्हायचं. खाणीचा खड्डा खोल गेला, तिथलं पाणी रात्रंदिवस उपसलं गेलं, आणि आमचे झरे, विहिरी आटल्या. वायंगण संपलं. पावसात खाणीच्या डंपावरची (टाकाऊ मातीच्या ढिगावरची) लाल माती वाहून शेतात यायची आणि वाळली की फरशीसारखी कडक. सरदही संपलं. लावणीला वाड्यावरच्या चौदा बायका यायच्या. माझी आजी त्यांना दुपारी पेज आणि खारातला आंबा द्यायची. त्या चौदा जणींचं काम गेलं तेव्हा कुठला आयोग बसला नाही, कुठली योजना आली नाही, कारण ते कधी नोकरी म्हणून मोजलंच नव्हतं. नंतर पाण्याचा टँकर यायचा. त्या टँकरवरही एकाला नोकरी होती, ती मात्र मोजली गेली.

खाणीमुळे अमुक इतक्या लोकांना रोजगार होता असं कुणी म्हटलं की मला त्या चौदा जणी दिसतात.

वाळवंटीकाठ

शिरगावकडचा, तुमचं लिहिलेलं भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खरं आहे. आम्ही त्याच शेतांच्या कडेने गाड्या मारल्या."

पेडण्याची_पोर

आमच्याकडे खाण नाही, समुद्र आहे. धक्का मात्र तसाच बसला, फक्त तो मार्च २०२० मध्ये आला. मी किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होते. टाळेबंदी लागली त्या दिवशी आमच्याकडे अकरा परदेशी पाहुणे अडकलेले, आणि आम्ही तिघीच हॉटेलात. पुढे हॉटेल उघडलं तेव्हा निम्म्या पगारावर या म्हणाले. गेले. घरी दुसरं कुणीच कमावत नव्हतं.

मला लिहायचंय ते परप्रांतीयांबद्दल, कारण हा विषय निघाला की आमच्याकडे लगेच "ते आले म्हणून आमचं काम गेलं" सुरू होतं. मे २०२० मध्ये थिवी, करमळी, मडगावहून श्रमिक गाड्या सुटल्या. हजारो माणसं गेली. मग त्यांची कामं आम्हाला मिळाली का? १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली तेव्हा कित्येक ट्रॉलर जेटीवरच होते, कारण खलाशी ओडिशा, झारखंडला घरी. पर्ससीनच्या (मोठं जाळं गोल टाकणाऱ्या) एका बोटीला पंचवीस-तीस माणसं लागतात. बोट गेली नाही म्हणून बर्फवाल्याचं काम नाही, टोपल्या वाहणाऱ्याचं नाही, माझ्या मावशीला बाजारात विकायला मासळी नाही. ते गेले आणि त्यांच्याबरोबर आमचंही काम गेलं.

अर्थमास्तर

पेडण्याची_पोर, तुमचा हा परिच्छेद वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

याचं जुनं उदाहरण मायामीचं आहे. १९८० मध्ये क्युबाहून सव्वा लाखांच्या आसपास माणसं काही महिन्यांत बोटींनी आली, त्यांतली निम्मी त्या एका शहरात राहिली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये तपासलं तर स्थानिकांचे पगार पडल्याचं दिसलं नाही. आलेली माणसं कामही करतात आणि खर्चही करतात, त्यातून नवी कामं निघतात. पुढे जॉर्ज बोरहास यांनी तोच प्रसंग पुन्हा तपासून म्हटलं की शाळा अर्धवट सोडलेल्यांच्या पगारावर नक्कीच परिणाम झाला. वाद अजून मिटलेला नाही. मला वाटतं दोघेही वेगवेगळ्या माणसांकडे बघत होते. सरासरीत ज्याचं नुकसान दिसत नाही, तो माणूस खरा असतो.

मांडवीपार

मास्तर, मान्य. पण तरी उद्योगांनी ८० टक्के गोमंतकीय घ्यावेत ही मागणी चुकीची कशी? सवलती आपल्या राज्याच्या, जमीन आपली.

दोडामार्गी

मांडवीपार दादा, मग मला त्यात कुठे बसवणार? घर महाराष्ट्रात, आजोळ डिचोलीत, बायको साखळीची, मुलगा जन्मला म्हापशाला.

मांडवीपार

तुम्ही तर जावई! तुम्हाला जावयाच्या कोट्यातून.

तांडेल_७

जावयाला कोटा असेल तर मी उद्याच मुलींची स्थळं बघायला घेतो.

सांजवात

बरेच दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते.

आमची खानावळ होती, उसगावच्या बाजूला जेटीच्या रस्त्यावर. आई चालवायची. पत्र्याचं छप्पर, चार बाकं. सकाळी पातळ भाजी-पाव आणि मिरची, दुपारी शितकढी, तळलेला बांगडा. आई ताटं भिंतीवर कोळशाने मोजायची, पाचाचा एक गठ्ठा, चार उभ्या रेघा आणि एक आडवी. बऱ्या दिवसांत अठरा गठ्ठे व्हायचे, म्हणजे नव्वद ताटं. तीन बायका हाताखाली. २०१२ च्या चवथीनंतर खानावळ उघडली त्या दिवशी दोन गठ्ठे आणि एक रेघ.

ट्रकमालकांसाठी मदत आली, बार्जवाल्यांसाठी आली. मिळायलाच हवी होती. पण आई अर्ज घेऊन गेली तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, तुमचा खाणीशी संबंध काय? तिने सांगितलं, माझ्याकडे खाणीची माणसं जेवतात. त्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. टायरवाला, पंक्चरवाला, गाडीवरचा क्लीनर, ड्रायव्हरांचे कपडे शिवणारा टेलर, सगळे तसेच परत आले.

त्या तिघी बायकांपैकी एक कामाला मडगावला गेली, दोघी घरीच. आईने वर्षभर रेटून बंद केली. छप्पर काढलं, भिंत अजून आहे. आडोशामुळे त्या रेघा पावसाने धुतल्या गेलेल्या नाहीत.

वाळवंटीकाठ, तुमच्या भावोजींसारखे लोक आमच्याकडे जेवत असणार.

वाळवंटीकाठ

सांजवात, भावोजींना विचारलं. पत्र्याचं छप्पर, समोर आंब्याचं झाड, तीच ना? म्हणाले, कढीला तिरफळं असायची. २०१२ चे अडीचशे रुपये द्यायचे राहिलेत असंही म्हणाले. हे मी मनचं लिहीत नाही, त्यांना पक्कं आठवतंय.

सांजवात

तीच. आंबा अजून आहे. आईला सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पैसे नकोत, घरी जेवायला या म्हणावं.

पेडण्याची_पोर

आता मी बसमध्ये रडतेय आणि शेजारची बाई बघतेय.

तांडेल_७

मूळ प्रश्नाकडे येऊ. पोराने टिपर घ्यावा का? माझं मत: गाडी बघण्याआधी त्याने चार गोष्टी विचाराव्यात. स्थानिक गाड्यांच्या यादीत नंबर मिळणार का, आणि आधीच किती गाड्या आहेत? वर्षाचे किती दिवस माल हलणार? दर कुणी ठरवला आणि डिझेल वाढलं तर तो वाढणार का, हे कागदावर आहे का? उत्तरं तोंडी असतील तर उत्तरं नाहीत असं धरायचं.

अर्थमास्तर

तांडेल काकांच्या यादीत एक घालतो. दिल्ली. २२ मे २०२२ पासून खनिजावर ५० टक्के निर्यातकर लागला, आपल्या कमी प्रतीच्या मालावरही, ज्याच्यावर आधी काहीच नव्हता. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा काढला. देशातल्या पोलादाचे भाव आवरायला उचललेलं पाऊल होतं, त्याची कारणं असतील. पण सहा महिने हप्ता भरणाऱ्याला काय? खाणपट्टा लिलावात घेणाऱ्या कंपनीला अनेक धंदे असतात, एक थंडावला तर दुसरा. गाडीवाल्याला एक गाडी. न्यायालय, चीन, कर, या तिन्हींचा सगळा धोका ज्याच्याकडे सर्वांत कमी शिल्लक त्याच्या अंगावर, आणि कागदोपत्री मात्र तो मजूर नाही, मालक. त्यामुळे त्याला ना नोटीस, ना भरपाई, ना फंड.

न्यायालयाने २०१४ मध्ये विक्रीच्या १० टक्के रक्कम कायम निधीत ठेवायला सांगितली, २०१५ च्या कायद्याने खाणीची झळ बसलेल्या लोकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. माझी मनापासून मागणी आहे की या पैशातून खाणपट्ट्यातल्या तालुक्यांत रात्रपाळीच्या बसगाड्या, चाळिशीनंतरच्या माणसांना नवं काम शिकवणं आणि आटलेल्या वायंगणीला पाणी, या गोष्टी आधी व्हाव्यात. खाण चालू आहे तेव्हाच व्हाव्यात.

शिरगावकडचा

शेवटच्या ओळीला माझी सही.

कुळागरातली

वाळवंटीकाठ काका, भाचा फिटर आहे ना? बाबा म्हणतात, बंदीच्या काळातही दोन माणसांना काम होतं, गाड्या तोडणाऱ्याला आणि गॅरेजवाल्याला. नोकरी न सोडता रविवारी गॅरेजमध्ये हात चालवून बघू दे, असा त्यांचा निरोप. बाबा आता दुसऱ्याच्या शाळेच्या बसवर आहेत. आपला टिपर त्यांनी २०१६ मध्ये भंगारात दिला, फक्त पुढची नंबरप्लेट ठेवलीय.

वाळवंटीकाठ

सगळ्यांचे आभार. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं.

काल रात्री पोराला हा धागा वाचायला दिला. त्याने पूर्ण वाचला आणि बाबांना विचारलं, तुम्ही मला हे कधी का सांगितलं नाही? भावोजी उठले, कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला. आत वजनकाट्याच्या पावत्या, वर्षवार रबर लावून. रबरं विरघळून कागदाला चिकटली होती. बापलेक बाराच्या पुढेपर्यंत २०१०-११ च्या ट्रिपा मोजत बसले. भरभराटीच्या त्या वर्षीही एका गाडीचे कामाचे दिवस १८७ निघाले. पोराने कर्जाचं गणित ३०० दिवसांवर केलं होतं.

नाद सुटलाय असं नाही. उद्या रविवारी गाडी बघायला जायचं ठरलंच आहे. फक्त आता भावोजी स्वतः म्हणाले, मी येतो.

दोडामार्गी

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. आतल्या टायरांचेही बघा, तिथे जुने घालून ठेवतात.